लोणचेवाल्याचा हुशार पोपट

फार पूर्वी, म्हणजे लोणचं अजून चिनीमातीच्या बरण्यांत मुरायचं तेव्हा, एका गावात एक लोणचेवाला होता. त्याच्या कारखान्यात पंधरावीस बायका काम करायच्या. हंगामाच्या पहिल्या सकाळी मालकासह सगळ्यांनी नव्या कैरीची फोड चाखायची आणि मग मीठ किती ते ठरवायचं, अशी तिथली रीत होती. तोंडं वाकडी व्हायची, वाद रंगायचे आणि त्यात अर्धा दिवस जायचा. मालकाला तो अर्धा दिवस फार खुपायचा.

एकदा बाजारात त्याला एक पोपट मिळाला. एका जुन्या लोणचेवाल्याकडे राहून त्याने सगळं पाठ केलं होतं. काहीही विचारा, क्षणभर न अडखळता उत्तर हजर. मालक खूश झाला. त्याने चाखण्याची रीत बंद केली. त्या वर्षी लोणचं झकास झालं आणि पोपटाला चांदीची दांडी मिळाली. बायकांना मात्र करमेना. त्यांना आता कोणी काही विचारतच नव्हतं.

पुढच्या वर्षी चैत्रातच वळीव बरसला आणि कैऱ्या फुगल्या. पोपट म्हणाला, "नेहमीइतकंच मीठ."

फोडी करणाऱ्या बायकांतल्या द्वारकामावशी मालकाकडे आल्या. कैरी पाणचट लागतेय, असं त्यांनी सांगितलं. मग मीठ किती वाढवायचं, असं मालकाने विचारलं, तर त्यांनाही सांगता येईना. सगळ्यांनी चाखून बघू, थोडं थोडं घालून बघू, एवढंच त्या म्हणाल्या.

मालक पेचात पडला. व्यापारी दारात येऊन बसले होते. वर्षाचा सगळा माल बिघडला, तर कारखान्याला कुलूप लागणार होतं. एकीकडे ठाम उत्तर होतं, दुसरीकडे नुसती शंका. त्याचा हात मिठाच्या पोत्याकडे गेलासुद्धा. मग काय वाटलं कोण जाणे, त्याने पोपटाला विचारलं, "आणि चुकलं तर?"

"नेहमीइतकंच मीठ," पोपट म्हणाला आणि पेरू खाऊ लागला.

तोच प्रश्न त्याने मावशींना विचारला.

मावशी म्हणाल्या, "चुकलं तर बरण्या उपसायला आम्हीच बसू, शेठ. आमच्याही चुली याच लोणच्यावर पेटतात."

मालकाने पोतं तसंच ठेवलं आणि सगळ्यांना बोलावलं. फोडी वाटल्या गेल्या, तोंडं वाकडी झाली, दुपारपर्यंत नुसता गलका चालला. एकमत काही झालं नाही. शेवटी तीन लहान बरण्यांत तीन तऱ्हेने मीठ घालून ठेवलं. व्यापारी कुरकुरत परत गेले. आठवड्याने बरण्या उघडल्या. नेहमीच्या मिठाची फसफसली होती, एक खारट झाली होती आणि तिसरी अशी जमली होती की चाखता चाखता अर्धी रिकामी झाली. मालकाने त्याच मापाने सगळा माल भरला.

लोणचं उशिरा बाजारात गेलं, पण वर्षभर टिकलं. एका व्यापाऱ्याने मालकाला विचारलं, "एवढं अचूक माप तुम्हाला कळलं कसं?"

"मला नव्हतंच कळलं," मालक हसून म्हणाला. "यांना विचारलं." आणि त्याने बायकांकडे बोट दाखवलं. त्या दिवशी बायका घरी जाताना रस्ताभर हसत होत्या.

तात्पर्य: सल्ला घेताना उत्तर किती झटपट आलं हे पाहू नये, ते चुकलं तर आपल्यासोबत निस्तरायला कोण बसणार, हे आधी पाहावं.