चौकटीतली तांबडी ओळ

काचेमागच्या मुलखात, एका दवाखान्यातल्या संगणकाच्या पडद्यावर, एकेकाळी एक चौकट राज्य करायची. तिचा कायदा एकच होता. वर नवा कुणी आला की खालच्यांनी निमूट खाली सरकायचं, आणि सगळ्यांमधलं अंतर सारखं राहायला हवं. माथ्यावर पेशंटचं नाव होतं, भागीरथी खरात. तळाशी तांबडी ओळ राहायची: ‘पेनिसिलिन देऊ नका.’

कोपऱ्यातलं म्हातारं बटण तिला म्हणालं, “पोरी, मला इथं हातानं खिळवलंय, म्हणून मी जागेवर टिकलोय. तूही खिळवून घे.”

“कशाला आजोबा? चौकट बघते की सगळं. आजवर मला कुणाचा धक्कासुद्धा लागला नाही.”

मग वर स्वागताचा मजकूर आला, सणाचं चित्र आलं, डॉक्टरांचे फोटो आले. दरवेळी ओळ अलगद खाली सरकली, आणि एक दिवस काचेच्या कडेखाली गेली. तिथल्या अंधारात तिला कळलं, नर्सचं बोट ‘पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं’ या बटणावर टेकलंय. ती जिवाच्या आकांतानं ओरडली. पण ओळीला आवाज नसतो, ती कुणीतरी वाचावी लागते.

“बघा, कसं नीटनेटकं बसलंय सगळं,” चौकट म्हणाली.

संध्याकाळी माथ्यावरचं भागीरथी खरात हे नाव पुसलं गेलं. जागा रिकामी होताच सगळे शिस्तीत वर सरकले, आणि तांबडी ओळ पुन्हा लख्ख दिसू लागली.