गुणाजीने वाट दिली

शेवगेवाडी नावाच्या गावात गुणाजी नावाचा एक भोळा तरुण होता. भोळा हा शब्द त्याच्या आईचा, यमुनाबाईचा. गावाकडे त्याच्यासाठी वेगळे शब्द होते, पण ते तिच्यासमोर कुणी उच्चारत नसे.

गुणाजीचं लग्न जमत नव्हतं. पोरगा दिसायला चांगला, अंगापिंडाने दणकट. मुलीकडचे लोक खूश होऊन बसत. मग तो तोंड उघडे आणि लोक चहा न घेताच उठत. यमुनाबाईने आशा सोडली होती, तेवढ्यात शेजारच्या गावचे देवबा आपली कस्तुरा द्यायला तयार झाले. अट एकच होती.

"माझा थोरला जावई मोटारसायकलवरून पडला," देवबा म्हणाले. "वर्ष झालं, माझ्याच ओसरीवर पाय वर करून लोळतोय. वर मटण मागतोय. दुसरा असला नको मला. तुमच्या पोरानं रोज सायकलवरून डेअरीला दूध घालावं. लग्नापर्यंत धड राहिला, तर पोरगी त्याची."

डेअरी होती मोठ्या रस्त्यावर. यमुनाबाईने आपल्या धाकट्या भावाला बोलावून घेतलं. हा रंगनाथमामा भाच्याहून थोडाच मोठा. त्याचं पंक्चर काढायचं दुकान होतं आणि साऱ्या जगाला शहाणपण शिकवायची हौस होती. त्या हौसेपायी त्याचंही लग्न राहिलं होतं.

"ताई, तू काळजी सोड. मी सांगतो तसं त्यानं केलं की झालं," मामा म्हणाला.

गुणाजी सांगितलं तसंच करायचा. तीच तर पंचाईत होती.

पहिल्या दिवशी तो रस्त्याच्या मधोमध निघाला. ट्रॅक्टर आला आणि गुणाजी किटलीसकट चरात गेला. संध्याकाळी मामाने कपाळाला हात लावला.

"अरे, डाव्या अंगानं चालायचं! काही झालं तरी डावी बाजू सोडायची नाही."

"नाही सोडत, मामा."

दुसऱ्या दिवशी डाव्या बाजूला एका म्हातारीने मिरच्या वाळत घातल्या होत्या. डांबरी रस्ता वाहनांसाठी असतो असं त्या भागात कुणी मानत नाही, तो वाळवणासाठी असतो. गुणाजीने डावी बाजू सोडली नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याने मिरच्यांवरून सायकल घातली. म्हातारी केरसुणी घेऊन धावली.

"मुडद्या, डोळे फुटले का तुझे?"

"फुटले नाहीत आजी, झोंबतायत," गुणाजीने खरं ते सांगितलं आणि केरसुणी खाल्ली.

"अरे, समोर काही आडवं आलं तर थांबायचं असतं!" मामा ओरडला. "ते हटल्याशिवाय पुढं जायचं नाही."

"नाही जात, मामा."

तिसऱ्या दिवशी रस्त्यात एक ट्रक उभा होता. त्याचं चाक निखळलं होतं आणि ड्रायव्हर मिस्त्री शोधायला गेला होता. गुणाजी ट्रकमागे थांबला. मागून बैलगाड्या आल्या, मोटारी आल्या, मेंढ्याही आल्या, आणि सगळ्या बाजूने निघून गेल्या. गुणाजी उभाच. ऊन चढलं, ऊन उतरलं, किटलीतलं दूध नासलं. दिवेलागणीला यमुनाबाई शोधत आली, तेव्हा तो ट्रककडे बघत होता.

"आई, आता हटेल बघ," तो म्हणाला.

त्या क्षणी यमुनाबाईला रडू आलं. पोटचा गोळा खरा, पण आत नुसता चिखल आहे हे तिला कळून चुकलं. तरी लग्न व्हायला हवं होतं. तिच्यामागे याला कोण जेवायला वाढणार?

मामा मात्र हरला नाही. असे लोक हरत नाहीत. "उभ्या गाडीला उजवीकडून वळसा घालायचा," तो म्हणाला. "आणि वळताना हात दाखवायचा. लांब, चांगला दिसेल असा."

चौथ्या दिवशी गुणाजीने वळताना चांगला लांब हात दाखवला. मागे एसटी होती. त्या रस्त्यावर हात दाखवला की एसटी थांबते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि करकचून ब्रेक मारला. कंडक्टरने दार उघडलं.

"चढ लवकर! खोळंबा करू नको."

गुणाजीने खोळंबा केला नाही. किटली घेऊन तो चढला आणि तालुक्याला जाऊन उतरला. सायकल रस्त्यातच राहिली. ती कुणीतरी मामाच्या दुकानात आणून टाकली.

"चढलास कशाला?" मामाने विचारलं.

"ते म्हणाले चढ."

मामाने दात आवळले. "आता नीट ऐक. एसटीनं हॉर्न दिला तेव्हाच बाजूला व्हायचं होतंस. मागून आवाज आला की डावीकडं सरकायचं. मागच्याला हात करायचा, 'जा बाबा, तू हो पुढं' म्हणायचं आणि त्याला जाऊ द्यायचं. आपण घाई करायची नाही. एवढं तरी ध्यानात ठेव."

"ठेवतो, मामा."

आणि नवल झालं. या वेळी सगळं जमलं. मागून ट्रक आला, गुणाजी सरकला. मोटार आली, सरकला. गळ्यात घंटा वाजवत शेळ्या आल्या, तर शेवटची शेळी जाईपर्यंत "जा बाई, तू हो पुढं" म्हणत उभा राहिला. देवबांनी हे स्वतः पाहिलं आणि त्यांचा ऊर भरून आला. मिरच्या, ट्रक, एसटी, सगळं त्यांच्या कानावर आलं होतं. पण त्यांना फक्त पोराचे हातपाय शाबूत हवे होते. कस्तुराच्याही कानावर आलं होतं. तिला कुणी विचारलं नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. गुणाजी मुंडावळ्या बांधून अंतरपाटाच्या अलीकडे उभा राहिला. पलीकडे कस्तुरा, हातात हार, मान खाली. रिवाजाप्रमाणे नवऱ्याच्या पाठीशी त्याचा मामा उभा, नवा फेटा बांधून. मामामागे बँडवाले. भटजींनी शेवटचं मंगलाष्टक म्हटलं. यमुनाबाईने डोळे मिटून हात जोडले. आता एवढं पार पडलं की ती सुटली.

"शुभमंगल सावधान!"

मागून बँड धडाडला.

गुणाजी झटकन डावीकडे सरकला. मामाचा दंड धरून त्याने त्याला पुढे केलं आणि म्हणाला, "जा बाबा, तू हो पुढं."

अंतरपाट खाली आला. अक्षता पडल्या. कस्तुराने मान वर केली. समोर मामा होता, तोंड उघडं टाकून उभा. बाजूला गुणाजी होता, मागे आणखी कुणी येतंय का ते बघत. तिने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मामाच्या गळ्यात हार घातला.

मांडवात हलकल्लोळ झाला. देवबा धावून आले. कस्तुरा म्हणाली, "आबा, पडली ती माळ पडली. मी काढायची नाही." मामाला आयुष्यात पहिल्यांदाच सांगायला काही सुचेना. त्याने हार मात्र काढला नाही.

यमुनाबाईने ऊर बडवला. "अरे करंट्या, बायको दुसऱ्याला दिलीस! आता ती मामी झाली तुझी! जा, पाया पड तिच्या!"

गुणाजी लगेच गेला, वाकून पाया पडला आणि हात जोडून म्हणाला, "मामी, माझ्यासाठी एखादी पोरगी बघा ना. मला आता सायकल चांगली येते."