कुलूपबंद रहाट

फार फार वर्षांपूर्वी घडलेली ही हकीकत. लहानांनी ऐकावी, थोरांनी ध्यानात ठेवावी.

एका खोल नदीच्या काठी रंगाऱ्यांचं गाव होतं. रहाट फिरवून पाणी वर आणायचं, तेव्हा कुठे कापड रंगायचं. रहाट थांबला की कुंडं कोरडी आणि चुली थंड.

गावचे रहाट लाकडी. त्यांची घडण कुणा एकाच्या मालकीची नव्हती. कुणीही बघावी, तसा रहाट करून घ्यावा आणि काही नवं सुचलं तर चारचौघांना सांगावं, अशी रीत. पण हे रहाट कुरकुरायचे, मोडायचे, आणि मोडला की ज्याचा त्याने दुरुस्त करायचा.

एकदा राजधानीचा एक शेठ नवे रहाट घेऊन आला. त्यांची चाकं तांब्याच्या पेटीत बंद होती.

"आवाज नाही, कटकट नाही. बिघडला तर माझी माणसं येतील. पेटी मात्र उघडायची नाही. किल्ली माझ्याकडे."

रंगारी हरखले. जुने रहाट सरपणात गेले. एकटी भिवरा रंगारीण अडून बसली.

"आत काय आहे ते दाखवा, मग घेते."

"तुला पाण्याशी मतलब. आतलं कशाला हवं?"

"मग राहू द्या. जे मला उघडता येत नाही, त्याच्या भरवशावर मी चूल पेटवणार नाही."

गावचा थोरला रंगारी म्हणाला, "भिवरे, सगळं गाव खुळं आणि तू एकटी शहाणी?"

"खुळी म्हणा दादा. पण माझ्या घरात दुसऱ्याचं कुलूप नको."

हट्ट महागात पडला. ऐन हंगामात तिचा रहाट मोडला, कापड कुंडातच डागाळलं, गिऱ्हाईक शेजारी गेलं. त्या दिवशी ती रडली. मग डोळे पुसून तिने पटाशी हातात घेतली आणि रहाट पुन्हा जोडला.

पुढे राजकन्येच्या लग्नाचं कापड रंगवायला गावाकडे आलं, आणि त्याच वेळी शेठचे रहाट एकेक करून अडले. शेठचा माणूस निरोप घेऊन आला, "किल्ली मिळेल. पण यापुढे तुमचं सगळं कापड फक्त शेठलाच विकायचं."

थोरला रंगारी भिवराच्या अंगणात येऊन उभा राहिला. मान खाली, नजर तिच्या रहाटावर.

"मान वर करा, दादा," भिवरा म्हणाली. "रहाट समोर आहे. बघा, मापं घ्या, तसाच करा. मला काय विचारायचं? ही घडण माझी एकटीची कधी होती?"

सारं गाव सुतारकामाला लागलं. हातांना फोड आले, थोडं कापड उशिरा गेलं, पण गेलं.

शेठ तणतणत आला. "उद्या ही लाकडं मोडली, तर जबाबदार कोण?"

"आम्ही!" थोरला रंगारी गरजला. "मोडतील तेव्हा आम्हीच जोडू. तुमच्या दारात उभं राहणार नाही."

एका थकलेल्या म्हाताऱ्या जोडप्याने तेवढा पेटीचा रहाट ठेवला, शेठच्या अटीवर. बाकीच्या पेट्या शेठला गाडीत घालून परत न्याव्या लागल्या.

तात्पर्य: ज्याच्या आत आपल्याला डोकावता येत नाही, ते विकत घेतलं तरी आपलं होत नाही.