होडीच्या उत्तराची कहाणी

नदीच्या अलीकडे एक गाव होते, आणि प्रत्येक गावात असतो तसा त्यातही एक भोळा होता. त्याचे नाव हैबती. त्याला एकदा सांगितलेली गोष्ट तो जन्मभर विसरत नसे. ती कुठे वापरायची, एवढेच त्याला कळत नसे. थोरल्या बहिणीने, अक्काने, त्याला लहानाचा मोठा केला होता. त्यामुळे चूक हैबतीची होई आणि बोलणी अक्का खाई.

अक्काची लेक सगुणा नदीपलीकडे दिली होती. नदीला तिथे उन्हाळ्यातही हत्तीबुड पाणी असे, म्हणून दोन्ही तीरांमध्ये एक सरकारी होडी चाले. सगुणा सासरी निघाली त्या दिवशी अक्काने तेलात शेंदूर कालवला आणि होडीच्या तोंडावर आपला हात उमटवला. लेकीला नेतेस तशी मलाही तिच्याकडे नेत जा, असा त्याचा अर्थ.

पुढे एका उन्हाळ्यात कचेरीची माणसे आली आणि होडी दुरुस्तीसाठी तालुक्याला घेऊन गेली. होडी गेली ती गेली. इकडे सगुणेला सातवा महिना लागला.

अक्काने हैबतीला समोर बसवले. "नीट ऐक. होडी पावसाच्या आत येणार असेल, तर मी थांबते. येणार नसेल, तर आत्ताच गाडी जुंपून मोठ्या पुलाच्या वळशानं जाते. पाऊस लागला की तीही वाट बंद. तेवढं एक विचारून ये, होडी कधी येणार?"

हैबती तालुक्याच्या कचेरीत गेला. अंगणात ताडपत्रीने झाकलेले काहीतरी लांबलचक पालथे पडले होते. त्याच्या सावलीला बसून त्याने भाकरी खाल्ली आणि मग आत जाऊन विचारले, "होडी कधी येणार?"

कारकून भाऊसाहेबांनी मान वर केली. "तोंडी विचारताय?"

"मग कशानं विचारू?"

"अहो, इथं तोंडी काही सांगत नसतात. लेखी विचारायचं. माहिती मिळणं हा तुमचा हक्क आहे. महिनाभरात उत्तर येईल."

आपला काही हक्क आहे हे हैबतीला प्रथमच कळत होते. त्याला बरे वाटले. गावच्या गुरुजींनी अर्ज लिहून दिला, तो त्याने नेऊन दिला आणि मिळालेला धडा घोकत परत निघाला.

वाटेत तिठ्यावर एक वऱ्हाड खोळंबले होते. नवऱ्याच्या मामाने विचारले, "अहो पाव्हणं, पिंपळखुटा कोणत्या वाटेला?"

"ठाऊक आहे," हैबती म्हणाला, "पण तोंडी सांगत नसतात. लेखी विचारा."

"अहो, गोरज मुहूर्त आहे!"

"महिनाभरात उत्तर येईल."

मामाने त्याला नीट न्याहाळले, गाडीवानाकडे पाहिले आणि गाड्या अंदाजाने डावीकडे वळवल्या. पिंपळखुटा उजवीकडे होता. वऱ्हाड मेंढपाळांच्या तळावर जाऊन पोचले. नवरी बाशिंग बांधून मांडवात बसून राहिली, आणि दुसऱ्या दिवशी तिचे चुलते अक्काच्या दारात येऊन बोलायचे ते बोलून गेले.

"अरे हैबत्या," अक्का म्हणाली, "कोणी विचारलं की सांगावं. डोळ्यांना दिसतं ते सगळं सांगावं. हातचं राखू नये."

"बरं अक्का."

महिना झाला. उत्तर आले नाही. हैबती पुन्हा कचेरीत गेला. ओसरीवर माणसे दाटली होती, आणि भाऊसाहेब त्यांना सांगत होते की साहेब दौऱ्यावर आहेत.

एका म्हाताऱ्याने सुस्कारा सोडला. "कधी यायचे कोण जाणे."

विचारले की सांगावे. हैबती खिडकीपाशीच उभा होता. "आलेत की," तो म्हणाला. "आतल्या बाकावर आडवे झालेत. बूट काढून ठेवलेत. डाव्या पायातला मोजा फाटलाय."

ओसरी आत घुसली. साहेबांना उठावे लागले, आणि एकदा उठल्यावर काही सह्याही कराव्या लागल्या. सगळे पांगल्यावर भाऊसाहेबांनी हैबतीला बाजूला घेतले.

"बाबा, आपल्याकडची बाब नसेल तर आपण बोलू नये. कोणी विचारलंच, तर म्हणावं, ही बाब आमच्याकडची नाही, संबंधितांकडे विचारा."

"बरं. आणि होडीचं उत्तर?"

"मुदतीत आलं नाही ना? मग अपील करा."

"कोणाकडे?"

"साहेबांकडे."

"कोणत्या?"

"आत्ता उठवलेत ते."

हैबतीने अपील केले आणि नवा धडा घेऊन तो घरी आला. चार दिवसांनी तो अंगणात बसला असताना शेजारच्या तात्यांची कडब्याची गंजी पेटली. तो पाहत राहिला. आतून अक्काने विचारले, "हैबत्या, जळका वास कसला रे?"

"ही बाब आपल्याकडची नाही, अक्का. तात्यांच्या गंजीची आहे. संबंधितांकडे विचार."

तात्या संबंधित होते खरे, पण ते मळ्यात होते. आग मात्र संबंधितांपुरती थांबली नाही. ती कुंपण ओलांडून अक्काच्या शेळ्यांच्या छपराला लागली. शेळ्या सुटून पळाल्या म्हणून वाचल्या.

संध्याकाळी राखेत उभी राहून अक्का म्हणाली, "अरे, धूर दिसला की घागर उचलावी आणि ओतावी. आपली बाब, परक्याची बाब, असं पाहू नये."

"बरं अक्का."

तोवर पाऊस जवळ आला होता. तात्यांनी अक्काला सुचवले, "गाडी देतो, वळशानं निघून जा."

अक्काने बराच विचार केला. "नको. मी इकडून निघायची आणि तिकडून उत्तर यायचं, होडी उद्या येते म्हणून. गाव म्हणेल, भावाच्या वळणावर गेली. एवढी अपिलाची तारीख होऊ दे."

अपिलाच्या तारखेला कचेरीत सत्यनारायण होता. तुंबलेली कामे मार्गी लागावीत, म्हणून यंदा अपिलांचे गठ्ठे चौरंगाशेजारी रचून त्यांनाही हळदकुंकू वाहिले होते. साहेब सोवळे नेसून पूजेला बसले होते. भटजींनी धूप घातला. धूर दाटून आला.

हैबतीने दारातला माठ उचलला आणि ओतला.

देव भिजले, भटजी भिजले, साहेब भिजले. हे सगळे सुकण्यासारखे होते. अपिले सुकण्यासारखी नव्हती. शाई उतरली आणि कोणाची जमीन, कोणाचा दाखला, कोणाचा रस्ता, सारे एकाच निळ्या रंगाचे झाले. सर्वांनी नव्याने अर्ज करावेत, अशी पाटी त्याच दिवशी दारावर लागली. एवढे गठ्ठे एका दिवसात हातावेगळे झाल्याची त्या कचेरीतली ही पहिलीच वेळ.

साहेबांनी उपरण्याने तोंड पुसले. ते शांत होते. हिशेबाने पाहता त्यांचे नुकसान झालेले नव्हते.

"काय पाहिलंत?"

"धूर."

"आग होती?"

"नाही."

"म्हणजे नुसतं दिसलं, त्यावर चाललात. हे बघा, डोळ्यांना दिसते ती माहिती नव्हे. सहीशिक्क्याचा कागद येतो, ती माहिती. कागद येईपर्यंत दिसलेलं खरं धरायचं नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही."

"घरीसुद्धा?"

"घरी तर नाहीच. तिथूनच सगळं पसरतं."

हा धडा हैबतीला फार आवडला. आजवरचे सगळे धडे काहीतरी कर म्हणून सांगत होते. हा एकच धडा स्वस्थ बस म्हणत होता.

त्याच दुपारी तो अंगणात नेहमीच्या सावलीला टेकला असताना वावटळ आली आणि ताडपत्रीचा कोपरा उडाला. हैबतीने आत पाहिले. बराच वेळ पाहिले. मग कोपरा खाली ओढून त्यावर दगड ठेवला आणि पुन्हा टेकून बसला.

घरी आल्यावर अक्काने विचारले, "काही कळलं का?"

"कागद आला नाही," हैबती म्हणाला.

पाऊस लागला. वळशाची वाट बंद झाली. श्रावणात पलीकडून कोणीतरी हाका मारून सांगितले की सगुणेला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. बारसेही झाले. पण पुराच्या आवाजात नाव काही ऐकू आले नाही. नातीचे नाव मैना आहे, हे अक्काला नदी उतरल्यावर कळले.

नव्या अर्जाचेही उत्तर आले नाही. नवे अपील झाले. त्याच्यावर शहरातल्या आयोगाकडे दुसरे अपील झाले. तिथली रांग एवढी लांब होती की मागच्याला पुढचा दिसत नसे. हैबती दर बाजारच्या दिवशी तालुक्याला जाई, त्याच सावलीला बसून भाकरी खाई आणि परत येई. अक्का उंबऱ्यात उभी असे.

पहिल्या वर्षी ती विचारी, होडीचं काही उत्तर आलं का? पुढे नुसते, उत्तर आलं का? गावही तेच विचारू लागले. होडीची वाट पाहणे केव्हा थांबले आणि उत्तराची वाट पाहणे केव्हा सुरू झाले, ते कोणाच्या लक्षात आले नाही. दर उन्हाळ्यात तात्या गाडी देऊ करीत. दर उन्हाळ्यात अक्का म्हणे, "आता एवढे दिवस थांबले, तर उत्तर येईपर्यंत थांबते." मग तिचे गुडघे गेले आणि गाडीचा प्रश्न मिटला.

पलीकडे मैना रांगली, चालली, बोलू लागली. ती काठावर येऊन "आजी" म्हणून हाक मारी. अक्का इकडून हात हलवी.

शेवटी आयोगाचा निकाल लागला, माहिती विनाविलंब द्यावी. आणि खरोखरच पाकीट आले. अवघा गाव नदीकाठी जमला. पलीकडे सगुणा आणि मैना येऊन उभ्या राहिल्या. गुरुजींनी शिक्का सगळ्यांना दाखवला आणि कागद वाचला.

"आपल्या अर्जास अनुसरून कळविण्यात येते की, सदर होडी नेल्यापासून पंधरवड्यात दुरुस्त झाली असून या कचेरीच्या अंगणात ताडपत्रीखाली ठेवण्यात आली होती. ती नेण्यास गावातून कोणीही आले नाही. मध्यंतरी उन्हाने तिच्या फळ्या उकलल्याने ती कालच पुन्हा दुरुस्तीस पाठविण्यात आली आहे. ती कधी येईल, या माहितीसाठी नव्याने अर्ज करावा."

पलीकडून हाक आली, "आजी, कधी येणार?"

अक्का सावकाश भावाकडे वळली. "हैबत्या, तू दर बाजाराला त्या अंगणात जात होतास."

"हो."

"ताडपत्रीखाली काय आहे, ते कधी पाहिलं नाहीस?"

"पाहिलं की. पहिल्याच वर्षी. आपलीच होडी. तुझी शेंदराची पाच बोटंसुद्धा आहेत तिच्यावर. मी तिलाच टेकून भाकरी खात होतो."

"मग मला बोलला का नाहीस रे?"

हैबतीने गुरुजींच्या हातातला कागद घेतला, त्यावरची सही पाहिली, शिक्का पाहिला आणि खात्री करून घेतली.

"आता बोलतो," तो म्हणाला. "अक्का, होडी कचेरीच्या अंगणात आहे."

इतर कहाण्या साठा उत्तरांच्या असतात आणि पाचा उत्तरी संपतात. ही एकाच उत्तराची होती, म्हणून लांबली.