उखाण्यांची कावड

एका गावात एक कावड होती आणि त्या कावडीचा एक फार कडक पुढारी होता. दर चैत्रात गावकरी कावडीत नदीचं पाणी भरून, तीन दिवस पायी चालत, डोंगरावरच्या महादेवाला न्यायचे. नियम एकच, पण पक्का. वाटेत कावड जमिनीला टेकता कामा नये. टेकली की पाणी बाटलं, आणि त्या वर्षी देव कोरडा.

पुढाऱ्याने या एका नियमाला आपले दहा जोडले होते. फुगड्या घालायच्या नाहीत, सेल्फी काढायच्या नाहीत, मोबाइलवर पावलं मोजून पैजा लावायच्या नाहीत.

गावची कासारीण मोठी थट्टेखोर. पहिल्याच मुक्कामी तिने सगळ्यांना उखाणे घ्यायला बसवलं, तर पुढारी कडाडला, "यात्रेला निघालोय का सहलीला?"

मग सगळे मुकाट चालू लागले. गंमत गेली आणि पायांचे फोड तेवढे उरले.

तिसऱ्या दिवशी शेवटची चढण आली. ऊन डोक्यावर आलं होतं. एकेक जण मटकन खाली बसला. कावड होती पुढाऱ्याच्या खांद्यावर.

"कुणीतरी खांदा द्या," तो म्हणाला. कुणी उठेना. कावडीचं एक टोक झुकत झुकत जमिनीपासून वीतभर उरलं.

कासारणीने पदर खोचला आणि दांडीखाली खांदा घातला. "पुढारी, कावड टेकवायची नाही हा देवाचा नियम. हसायचं नाही हा तुमचा. कोणता मोडू?"

पुढाऱ्याला धाप लागली होती. "माझा मोड, बाई," तो कसाबसा म्हणाला.

"मग ऐका सगळे. कावड घेईल त्याने उखाणा घ्यायचा. जमला तर वीस पावलं, फसला तर चाळीस." आणि तिने सुरुवात केली:

"करवंदाच्या जाळीला काटेच काटे,
बाबूरावांना कावड जड, पुरणाचं ताट हलकं वाटे."

बसलेली माणसं हसत उठली. तिचा नवरा बाबूराव तर लाजून पहिला धावला. मग पाळीसाठी रेटारेटी सुरू झाली. शिंप्याच्या सुनेचा उखाणा फसला, तिने चाळीस पावलं मिरवत काढली. शहरातून आलेला, तीन दिवस लंगडणारा इंजिनिअर तर दोनदा मुद्दामच चुकला. चढण कधी सरली ते कुणाला कळलंही नाही.

देवळाची शेवटची पायरी उरली. कासारणीने कावड पुढाऱ्यापुढे धरली. "आता तुमची पाळी."

पुढाऱ्याची बायको दरवर्षी सगळ्यांच्या मागून चालायची. तिला गाव पुढारीणबाई म्हणे, तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढाऱ्याने कावड खांद्यावर घेतली, मागे वळून तिच्याकडे पाहिलं आणि घसा साफ केला:

"कावडीतल्या पाण्याला महादेवाची ओढ,
अनसूयेच्या सोबतीने उभी चढण गोड."

हर हर महादेवच्या गजरात डोंगर दुमदुमला. थेंबही न सांडता पाणी पिंडीवर पडलं. पुढारीणबाई डोळे पुसत हसली. "तीस वर्षं चालतेय यांच्या मागं," ती कासारणीला म्हणाली, "उतरताना मात्र बरोबरीनं चालणार."

आणि ती चाललीही.

तात्पर्य: देवाचा नियम जिवापाड पाळावा, पण त्यात आपल्या आठ्यांची भर घालू नये, हसत उचललेलं ओझं शेवटपर्यंत पोचतं.