तिसऱ्या छत्रीचा वास

सांगा मंडळी, वाटेत भेटलेल्या गोड जिभेवर विसंबावे, की स्वतःच्या नाकावर? उत्तराची घाई करू नका. आमच्या मसाल्याच्या पेठेत एक हिंगवाला येई. पहिल्या दोन खेपांना माल अस्सल, तिसरीला निम्मा डिंक. तो आठवला की मला ही कथा आठवते.

एका राज्यात वीरकेतू नावाचा राजा होता. त्याने कपालजित मांत्रिकाची धनाने भरलेली शापित पेटी उघडली आणि तो पायांपासून दगड होऊ लागला. दगड कमरेपर्यंत चढला, तेव्हा राजकन्या केतकावली मांत्रिकापुढे उभी राहिली.

"उतारा सांगा."

"विचारला की उतारा खरा सांगावा लागतो, हा माझ्या विद्येचा नियम. राजवाटेने जा. कडेला छत्र्यांसारखी पांढरी फुले फुलली आहेत. रानधणे, रानओवा, रानजिरे, तिन्हींचे दाणे आण. प्रत्येकीशेजारी तिची विषारी जुळी बहीण उभी आहे. एक दाणा चुकला तर बाप गेला. तिन्ही बरोबर निघाले आणि शाप उतरला, तर त्या क्षणी माझी विद्या गेली."

केतकावली निघाली. तिचे आजोळ मसाल्याच्या व्यापाऱ्यांचे. मामाने शिकवले होते, दाणा तळव्यावर चोळून हुंगावा, पण एका तळव्यावर दोन माल चोळू नयेत. पहिल्याचा वास दुसऱ्याची खोड झाकतो.

वाटेत एक साळुंकी बोलली, "ताईसाहेब, उजवीकडचे घ्या. ते रानधणे."

केतकावलीने उजव्या तळव्यावर दाणा चोळला. धणेच ते.

"आता वारुळापाशी चला. बुटके झाड ओव्याचे."

तिने डाव्या तळव्यावर चोळला. नाकात झणका गेला, डोळ्यांत पाणी आले. ओवाच तो.

तिसऱ्या जागी दोन झाडे उभी होती, एक उंच, एक ठेंगणे. पाने दोघांचीही दोऱ्यासारखी, छत्र्या दोघांच्याही पांढऱ्या.

"उंच ते जिरे," साळुंकी म्हणाली. "दोनदा खरे बोलले, आता पारख कशाला? आणि करणार कुठे? उजव्याला धणे, डाव्याला ओवा. हात संपले ताईसाहेब."

"हात संपले, साळुंकीबाई. वाटेवरचे धोंडे कुठे संपलेत?"

तिने दोन स्वच्छ धोंडे उचलले आणि दोन्ही झाडांचे दाणे वेगवेगळे रगडले. ठेंगण्याला आईच्या फोडणीचा वास आला. उंचाला उंदराच्या बिळाचा. मग तिने उंचाचे खोड निरखले. गुळगुळीत, वर जांभळे डाग, विषारी जुळीची खूण.

उंचाचे चार दाणे तिने साळुंकीपुढे धरले. "आधी तुम्ही एक टिपा."

"आज माझा उपास आहे."

"उपासाला जिरे चालते."

साळुंकी चोच मिटून उडाली.

राजकन्या महाली पोचली तेव्हा दगड राजाच्या गळ्याला लागला होता. तिने तिन्ही दाण्यांचा काढा केला, पहिला घोट स्वतः घेतला आणि उरलेला बापाच्या ओठांना लावला. दगड झाडाच्या सालीसारखा गळून पडला.

"केतके," राजा म्हणाला, "जिरे जरा जास्त झाले."

नगारे झडले. दगड गळला त्याच क्षणी कपालजिताची विद्या गेली होती. विद्या गेली तेव्हा तो खिडकीत बसला होता, साळुंकीच्या रूपात. त्याच रूपात राहिला. पेटीतले धन शापमुक्त झाले. राजाने त्यातून राजवाटेची निगा राखली आणि प्रत्येक विषारी झाडापाशी एक उभा धोंडा रोवला, वाटसरूने ओळखावे म्हणून.

तेव्हा मंडळी, एवढे माझे ऐका. पहिली दोन मापे भरून मिळाली तरी तिसरे मोजून घ्या. आणि देण्याची पाळी तुमची आली, की तिसरेही भरूनच द्या. हिशेब खरा ठेवा.