कांड्या कोण भरायचं?

एकदा एक वृद्ध कथेकरी होते आणि ते फार थकले होते. चाळीस वर्षे गावोगावी कथा सांगून त्यांचा आवाज बसत चालला होता, गुडघे कुरकुरत होते, आणि कथेचे बोलावणे आले की पूर्वीसारखा आनंद न होता छातीवर दडपण येऊ लागले होते. त्यांचा एक शिष्य होता. तोही काही कोवळा नव्हता. कानशिलावरचे केस पांढरे होऊ लागले होते. नऊ वर्षे तो त्यांच्यापाशी शिकत होता आणि एव्हाना तोही थकला होता. गुरूला वाटे, आता किती सांगायचे. शिष्याला वाटे, आता किती ऐकायचे. दोघे एकमेकांना हे बोलून दाखवत नसत, एवढाच काय तो शिष्टाचार उरला होता.

शिष्याला कथेची सगळी अंगे मुखोद्गत होती. कथानक, पात्रे, वातावरण, निवेदकाचा दृष्टिकोन, संघर्ष, उत्कर्षबिंदू, झालेच तर नऊही रस. कोणी ओट्यावर बसून साधी हकिगत सांगू लागला, तरी हा मनात खुणा करत बसे: इथे बीज पडले, इथे संघर्षाला तोंड फुटले. घरी गेल्यावर बायकोने हरवलेली म्हैस कशी सापडली ते रंगवून सांगितले, तर हा म्हणाला, ‘‘छान, पण उत्कर्षबिंदू फार उशिरा आला.’’ तिने त्यानंतर त्याला काही सांगणेच सोडून दिले. त्याचे त्याला विशेष वाटले नाही; खरे तर वाटायला हवे होते.

त्या मुलखात एक रीत होती. घरात मृत्यू झाला आणि मागे राहिलेले माणूस महिना-दोन महिने उलटले तरी बोलेनासे झाले, तर कथेकऱ्याला बोलावत. याला ‘घर बोलते करणे’ म्हणत. गेलेल्या माणसाच्या धंद्यातली एक कथा त्या घरात बसून सांगायची. जमलेल्या मंडळींनी माना डोलावल्या, डोळे पुसले, तरी त्याला मोल नसे. ज्याच्यासाठी कथा मांडली, त्याने तोंड उघडले तरच ती लागू पडली असे धरत.

एके दिवशी विणकरांच्या आळीतून चांगुणा नावाची बाई आली. तिचा भाऊ हणमंत कोष्टी दोन महिन्यांपूर्वी मागावर बसल्या बसल्या गेला होता. त्याची बायको इठाबाई त्या दिवसापासून एक शब्द बोलली नव्हती.

‘‘रडतबी न्हाई, बाबा,’’ चांगुणा म्हणाली. ‘‘दोन घास खाती न् भिताडाकडं बघत बसती. मी किती दीस ऱ्हावं तिच्यापाशी? माझंबी घर हाय. पर अशी टाकून कशी जाऊ?’’

वृद्धांनी शिष्याकडे पाहिले. ‘‘या घरी तू सांग,’’ ते म्हणाले. ‘‘ती बाई तुझ्या कथेने बोलली, तर गादी तुझी. मी मोकळा झालो.’’

नऊ वर्षे ज्या वाक्याची वाट पाहिली ते असे दुपारच्या वेळी, कसलाही गाजावाजा न होता कानी पडले. शिष्याने कंबर कसली. आठ दिवस तो विणकरांच्या आळीत हिंडला. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. धाग्याला बळकटी यावी म्हणून लावतात ती खळ. आडवा धागा गुंडाळलेली छोटी नळी म्हणजे कांडी. ती पोटात घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा. सगळे त्याने नीट विचारून घेतले. हणमंताविषयीही विचारले. जो तो एकच सांगे: रंगांची नजर असावी तर हणमंताची. त्याच्या लुगड्यांचे लाल-हिरवे काठ पाहून लांबून माणसे येत. शिष्याला कथेचा गाभा सापडला.

ठरल्या दिवशी दुपारी हणमंताच्या घरात आळी जमली. इठाबाई बंद पडलेल्या मागाशेजारी भिंतीला टेकून बसली होती. वृद्ध कथेकरी कोपऱ्यात, पाय लांब करून. शिष्याने कथा सांगितली, आणि ती उत्तम सांगितली, यात शंका नाही. एक विणकर, ज्याला देवाने रंगांची नजर दिली. राजाच्या घरून आलेले अवघड काम. हात थकलेले, दृष्टी मात्र अचूक. शेवटचा काठ पुरा होतो आणि त्याच क्षणी विणकराची मान मागावर कलते. एकही अंग उणे नव्हते. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. एका म्हाताऱ्या विणकराला हुंदका आवरेना. सांगता सांगता शिष्याचाही कंठ दाटून आला आणि आपला कंठ योग्य जागी दाटला हेही त्याच्या लक्षात आले.

इठाबाई उठली, आत गेली आणि तिने दार लोटून घेतले.

लोक मात्र जाताना शिष्याची पाठ थोपटत होते. ‘‘वा, काय सांगितलंत,’’ म्हणत होते. ती थाप त्याला नकोशी झाली. एवढे करूनही जमले नाही, तर आणखी काय करायचे असते, हे त्याला खरेच कळत नव्हते.

‘‘परवा पुन्हा येऊ,’’ वृद्ध चांगुणेला म्हणाले. ‘‘त्या दिवशी मी सांगेन.’’ उठताना त्यांना शिष्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

दोन दिवसांनी पुन्हा सगळे जमले. वृद्धांनी सुरुवात केली आणि शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. इतकी गचाळ कथा त्याने त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. एक विणकर होता म्हणाले, मग त्याचे गाव विसरले, मग त्याला दोन भाऊ होते म्हणाले आणि ते दोन्ही भाऊ पुढे कुठे गेले ते सांगितलेच नाही. ना वातावरण, ना बीज. म्हातारपण कोणाला चुकत नाही, पण ते असे चारचौघांत उघडे पडावे याचे शिष्याला वाईट वाटले.

‘‘तर त्या विणकरानं सकाळी उठून बाण्याला खळ लावली,’’ वृद्ध म्हणाले.

मागे कोणी तरी खुदकन हसले. शिष्य त्यांच्या कानाशी लागला. ‘‘गुरुजी, ताण्याला. खळ ताण्याला लावतात.’’

वृद्धांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो चांगला जोरात दाबला.

‘‘बाण्याला चांगली दाट खळ लावली,’’ ते पुन्हा म्हणाले, ‘‘आणि वाळत घातला.’’

‘‘ताण्याला.’’

आवाज इतका बारीक होता की कोण बोलले ते आधी कोणालाच उमगले नाही. इठाबाई भिंतीकडेच बघत होती. ‘‘खळ ताण्याला लावत्यात,’’ ती म्हणाली.

चांगुणेने तोंडावर हात धरला. वृद्धांनी मात्र काही विशेष घडल्याचे दाखवले नाही. ‘‘असं होय,’’ ते म्हणाले. ‘‘मला काय कळतंय त्यातलं. बरं, ताण्याला लावली. मग तो कांड्या भरायला बसला. एक लाल भरली, एक हिरवी भरली—’’

‘‘कांड्या त्ये न्हाईत भरायचे.’’

‘‘मग कोण भरायचं?’’

इठाबाईने आता मान वळवली. बराच वेळ ती या म्हाताऱ्याकडे बघत राहिली.

‘‘मी,’’ ती म्हणाली.

‘‘का हो? तो का नाही भरायचा?’’

इठाबाईचे ओठ दोनदा उघडून मिटले. मग तिने मागाखाली हात घालून दोन टोपल्या पुढे ओढल्या. एकीत लाल कांड्या होत्या, एकीत हिरव्या.

‘‘त्यास्नी लाल न् हिरवं येगळं दिसत न्हवतं,’’ ती म्हणाली. ‘‘दोन्ही एकच दिसायचं. लगीन झालं त्या सालीच कळलं मला. म्हनून लाल कांड्या उजव्या हाताला ठेवायची न् हिरव्या डाव्या हाताला. सव्वीस वर्सं. एक दीस माहेरी ऱ्हायला गेले न्हाई, टोपली चुकंल म्हनून. एकदा तापानं फणफणले हुते, तरी टोपल्या लावून मग आडवी झाले.’’

‘‘दादाला?’’ चांगुणा म्हणाली. ‘‘मला कसं ठावं न्हाई?’’

‘‘कुनालाच न्हवतं ठावं. त्येंनी शपथ घातली हुती.’’ इठाबाई थांबली. ‘‘ते गेले न् जो त्यो येऊन त्येंची नजर सांगतोय. नजर, नजर, नजर. सांगावं तर त्येंचं नाव जातंय. न्हाई सांगावं तर मी सव्वीस वर्सं काय करत हुते? म्हनून बोलनंच बंद केलं.’’

एवढे बोलून ती रडू लागली, आणि रडता रडता तिला हसूही आले. लग्नाच्या वर्षी हणमंताने एक अख्खे लुगडे उलटसुलट काठाचे विणले होते आणि ते कोणाच्या दृष्टीला पडू नये म्हणून तिने स्वतःच नेसून जुने केले होते. ती गोष्ट ती सांगू लागली. चांगुणा सरकून तिच्याजवळ बसली. वृद्ध हळूच उठले, शिष्याला खूण केली आणि दोघे बाहेर पडले. ते गेल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही.

आळीच्या टोकाला पारावर वृद्ध बसले. त्यांचा श्वास लागला होता.

‘‘तुम्हाला हे ठाऊक होतं?’’ शिष्याने विचारले.

‘‘नाही. पण परवा तू कथा सांगत होतास, तेव्हा मी तिच्याकडे बघत होतो. खळीपर्यंत, धोट्यापर्यंत ती ऐकत होती. ‘रंगांची नजर’ म्हणालास आणि तिनं त्या टोपल्या पायानं मागाखाली सारल्या. तू पाहिलं नाहीस. तू तुझ्या कथेकडे बघत होतास.’’

शिष्य पाराच्या कडेला टेकला.

‘‘नऊ वर्षं तू मला संज्ञा म्हणून दाखवल्यास,’’ वृद्ध म्हणाले. ‘‘त्या खोट्या नाहीत, त्या मीच शिकवल्या. पण आता सांग, या घरातला संघर्ष कोणता होता? तू राजाचं अवघड काम आणलंस. तो नव्हता. नवऱ्याचं नाव राखावं की आपलं आयुष्य, हा होता आणि तो तिच्या तोंडात अडकला होता. उत्कर्षबिंदू तू मरणावर ठेवलास. तो ‘मी’ या एका शब्दावर होता. दृष्टिकोन तू मागावर बसलेल्याचा घेतलास. सगळं दिसत होतं ते कांड्या भरणाऱ्या बाईला. अंगं तुला पाठ आहेत, बाबा. पण अंग ज्याचं असतं ते माणूस आधी समोर यावं लागतं. तुझी कथा इतकी पुरी होती की तिच्यात तिला शिरायला जागाच नव्हती. तिचं रडणंसुद्धा तूच रडून घेतलंस.’’

‘‘आणि म्हणून तुम्ही चुकीची सांगितलीत.’’

‘‘जे मला येत नाही ते येत नाही असं सांगितलं. खोटं काय त्यात? खळीचं तेवढं मुद्दाम.’’ वृद्ध क्षीण हसले. ‘‘पुष्कळ वेळा हेही फुकट जातं. आज गेलं नाही.’’

शिष्याला विचारायचे होते ते विचारवेना. वृद्धांनीच उत्तर दिले.

‘‘गादी आज नाही. पुढच्या घरीही मलाच यावं लागेल.’’

गादी हुकल्याचे दुःख शिष्याला होईलसे वाटले होते, पण झाले ते निराळेच. त्याने गुरूंच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे पाहिले आणि आपल्यामुळे या माणसाला अजून चालायचे आहे, एवढेच त्याला बोचले. त्या आठवड्यात तो घरी गेला आणि बायकोला म्हणाला, ‘‘ती म्हशीची गोष्ट पुन्हा सांग.’’ तिने त्याच्याकडे संशयाने पाहिले आणि मला काम आहे म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारले.

पावसाळा सरल्यावर कुंभारवाड्यातून बोलावणे आले. म्हातारा नागू कुंभार महिनाभर मुका झाला होता; त्याचा भाऊ गेला होता. शिष्याने यावेळी कोणाकडे चौकशी केली नाही. दोघे जाऊन बसले. वृद्धांनी भिंतीला पाठ टेकली आणि शिष्याला म्हणाले, ‘‘मला जरा धाप लागली आहे. तू सुरुवात कर, मग मी घेतो.’’

शिष्य नागूच्या समोर बसला. त्याच्याकडे कथा तयार नव्हती. भीती मात्र भरपूर होती. नागूचे हात मांडीवर पालथे पडले होते आणि नखांत माती नव्हती.

‘‘एकदा एक कुंभार होता,’’ शिष्य म्हणाला.

आणि थांबला. पुढचे वाक्य ओठांवर आले होते, चांगले होते, त्याने ते येऊ दिले नाही. लोक चुळबुळले. कोणी तरी खाकरले. बराच वेळ गेला. शिष्य नागूच्या तोंडाकडे पाहत राहिला, दुसरे काही त्याने केले नाही.

म्हाताऱ्याने मान वर केली.

‘‘एक न्हवता,’’ तो म्हणाला. ‘‘दोघं हुतो आमी.’’

भिंतीशी बसलेल्या वृद्ध कथेकऱ्यांनी ते ऐकले आणि डोळे मिटून घेतले. त्या दिवशी त्यांना पुढे काही सांगावे लागले नाही.